दिवा का लागला, ते आम्ही बघू

नवी गाडी घेतली की पेढे एकदाच वाटले जातात, किस्से मात्र गाडी विकेपर्यंत संपत नाहीत. फ्युएल इंजेक्शनच्या, कॉम्प्युटरवाल्या गाड्या आल्या आणि केडगाव स्टेशनसमोरच्या टपरीवर आम्हा गाडीवाल्यांची बैठकच बसायला लागली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा. का लागला, हे फक्त पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला कळायचं, आणि ते सांगायचे नाहीत!

"दिवा लागला की गाडी आणायची. का लागला, ते आम्ही बघू," हे तिथल्या सुपरवायझरचं ठरलेलं वाक्य. मला त्या वाक्याची भयंकर चीड होती.

आमच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांनी त्याला सुनावलं, "मी ताप मोजते, तवा पेशंटला आकडा सांगते. ताप त्याचाच असतो ना?" साहेबांनी पुढच्या ग्राहकाला हाक मारली.

माझा मेहुणा शिरूरला गॅरेज चालवतो. त्याच्याकडे गाडी नेली. त्यानं बॉनेट उघडलं, वायरिंग बघितलं, बॉनेट लावलं. "दाजी, कंपनी डायग्राम आम्हालाबी देत न्हाई. म्हणाल तर खोलतो, पण घरी यष्टीनं जावं लागंल."

वरवंडचा बाळू झेंडू पिकवतो. त्यानं सरळ बायकोची टिकली काढून दिव्यावर चिकटवली. सुपरवायझर भडकला, तर बाळू म्हणतो, "तुमी सांगत न्हाई, मी बघत न्हाई. फिट्टंफाट."

आणि आप्पा. दौंडहून रेल्वेचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. त्यांची गाडी चालता चालता बंद पडायची. एकदा हायवेवर बंद पडली, मागून ट्रक! शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, त्या दिवशी सांगून टाकलं, "काय बिघडलंय ते कळल्याबिगर मी यात बसायची न्हाई." सेंटरवाले दर वेळी 'ओके' म्हणून गाडी परत द्यायचे.

शेवटी आप्पा आणि मी गाडीनं पुण्याला गेलो. काकू पॅसेंजरनं आल्या. वर्कशॉपच्या दारावर पाटी होती, ग्राहकांना आत प्रवेश नाही. मिस्त्री गाडी आत न्यायला बसला, तरी आप्पा उतरले नाहीत. "मी गाडीत हाय, वर्कशॉपमधी कुठं हाय?"

घाबरून उतरतील म्हणून मिस्त्रीनं लिफ्टचं बटण दाबलं. गाडी वर गेली. वर आप्पांनी जेवणाचा डबा उघडला. "काय बिघडलंय ते सांगा, मग उतरतो."

सुपरवायझर धावत आला. "आप्पा, ती माहिती कंपनीची असते."

"रेल्वेनं इंजिन ताब्यात दिलं, तवा बिघाड शोधायचं पुस्तकबी दिलं. ते इंजिन तर माझं नव्हतं. ही गाडी माझी हाय."

"खाली या, मग बोलू."

"हितं ऐकू येतंय."

सगळं वर्कशॉप थांबलं. सुपरवायझर काचेमागे बसलेल्या काकूंकडे गेला. "मावशी, तुम्ही तरी समजवा त्यांना."

काकू उठल्या, पदर खोचला आणि थेट लिफ्टपाशी गेल्या.

"गाडी जरा खाली घ्या," त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "मलाबी बसायचंय."