अण्णांचा उजवा खुबा

"आमच्या घराण्याची हाडंच जड आहेत हो!"

जिन्याच्या वळणावर थांबून, एक हात कठड्यावर आणि दुसरा उजव्या खुब्यावर ठेवून अण्णा हे म्हणायचे. कुणी काही विचारलेलं नसायचं. मुलुंडला आमची दुमजली इमारत होती. मी पहिल्या मजल्यावर, ते दुसऱ्यावर. ऑफिसातून येताना माझ्या दारापर्यंतच त्यांचा दम पुरायचा. मग माझ्या खुर्चीत बसून ते जड हाडांची वंशावळ सांगायचे. त्या हाडांवर जे काही चढलं होतं, त्याचं नाव मात्र काढायचे नाहीत.

पन्नास सालानंतरची गोष्ट आहे ही. तुमच्याही शेजारात असा एखादा गृहस्थ असेलच. अंगाने ऐसपैस, बोलायला गोड आणि स्वतःच्या दुखण्याबाबत महाहट्टी.

दुखणं खरंच वाईट होतं. उजव्या कुशीवर झोपता येईना, जिना चढताना कळ यायची, मांडी घालून बसणं तर विसराच. पंगतीत सगळे पाटावर आणि अण्णा एकटे भिंतीशी खुर्चीवर. इमारतीतल्या प्रत्येकीने औषध सांगितलं आणि अण्णांनी प्रत्येकीचं ऐकलं. महिनाभर आमच्या जिन्याला निरगुडीच्या पाल्याचा वास येत होता.

अशात त्यांच्या कुंदाचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. मुहूर्त वैशाखातला. गिरगावातला धाकटा भाऊ येऊन अगदी प्रेमाने म्हणाला, "दादा, तुला बसवणार नाही. कन्यादानाला आम्ही दोघं बसतो."

भाऊ गेल्यावर अण्णा तडक माझ्याकडे आले. चेहरा लाल झालेला.

"माझी मुलगी, आणि पाटावर तो बसणार? चल, ऊठ, डॉक्टरकडे."

डॉक्टरांनी खुब्याच्या बाहेरच्या बाजूला बोट दाबलं मात्र, अण्णांनी अशी किंकाळी फोडली की बाहेरचे दोन पेशंट उठून उभे राहिले.

"हाडाला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "हाडावर एक छोटी पिशवी असते, घासू नये म्हणून. ती सुजली आहे. वर तुमचं वजन. रोज सपाट रस्त्याने हळू फिरा, डाव्या कुशीवर निजून उजवा पाय सावकाश वर उचला, सावकाश खाली आणा. कळ आली की थांबा. आणि तोंडावर ताबा ठेवा."

"सूर्यनमस्कार घालू का?"

"आधी पाय तर उचला!"

अण्णा कामाला लागले. सकाळी गॅलरीत चटईवर निजून स्तोत्र म्हणत पाय उचलायचे. एका ओळीला वर, दुसरीला खाली. काकू आतून ओरडायच्या, "अहो, देवाला पाय काय दाखवताय! तोंड तरी फिरवा तिकडे!" संध्याकाळी काठी घेऊन फिरायला. काकूंना कोण अभिमान. महिन्याने डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं. वजन वाढलेलं.

डॉक्टर चक्रावले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकदा जा बरं यांच्याबरोबर."

गेलो. कोपऱ्यावरच्या बंगलीच्या ओट्यावरून हाक आली, "अण्णा, आज उशीर?" अण्णा म्हणाले, "बसत नाही हं, उभ्या उभ्याच आलोय," आणि बसले. थालीपीठ आलं, वर लोण्याचा गोळा. पुढच्या घरी शिरा. त्याच्या पुढे चहा आणि चकल्या. लग्नघरचा माणूस दारावरून जातोय आणि तोंड गोड न करता त्याला सोडायचं, अशी एक बाई त्या काळच्या मुलुंडात नव्हती. फिरणं कसलं, माधुकरीच ती!

मी भडकलो. "अण्णा, लाज वाटत नाही?"

"अरे, माउलीने पुढे केलेली बशी परत करू? जीभ रेटत नाही रे माझी."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना रेल्वे फाटकापलीकडे मिठागरांच्या बांधावर न्यायला लागलो. सपाट वाट, दोन्हीकडे पाणी, आणि घर म्हणून एक नाही. अण्णांचं तोंड एवढंसं झालं. "इथे बोलू कोणाशी? बगळ्यांशी?" पहिला आठवडाभर मला शिव्या घालत चालले. मग कुंदाबद्दल बोलायला लागले. लहानपणी ती त्यांच्या पोटावर झोपायची म्हणे. "तेव्हाही हे असंच होतं," असं म्हणून स्वतःच पोट थोपटायचे. बोलता बोलता मध्येच थांबून, तोंड पाण्याकडे फिरवून खुबा चोळायचे. मला काय कळत नव्हतं? पण मीही खुब्याचीच चौकशी करायचो.

हळूहळू गुण यायला लागला. एकदा सकाळी सकाळी दार वाजवून सांगायला आले, "उजव्या कुशीवर झोपलो रे! सकाळीच जाग आली." मग जिन्याच्या वळणावरचं थांबणं गेलं. कोटाचं बटण लागायला लागलं. पाटाखाली घोंगडीची जाड घडी घालून, मधूनमधून पाय बदलत बसायला डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि अण्णा ते घरी रोज करून बघायला लागले. समोर काकू तांब्या घेऊन नवरदेवाच्या जागी.

लग्नाच्या दिवशी धाकटा भाऊ सोवळं नेसून तयारच उभा होता, न जाणो म्हणून. त्याची गरजच लागली नाही. अण्णा सोवळं नेसून पाटावर बसले, शेजारी काकू. घाम येत होता, पण सगळे मंत्र नीट म्हटले. कुंदाचा हात जावयाच्या हातात दिला, वरून पाणी सोडलं. मी मागेच उभा होतो. आनंदाने मला ओरडावंसं वाटत होतं.

भटजी म्हणाले, "झालं. आता यजमानांनी उठावं."

अण्णा उठेनात.

भटजींनी पुन्हा सांगितलं. मांडवात कुजबूज सुरू झाली. भाऊ पुढे धावला. मीही वाकून त्यांच्या काखेत हात घातला. "अण्णा, कळ आली का? धरा मला."

त्यांनी माझा हात बाजूला केला. मान वर न करता, अगदी हळू म्हणाले, "उठता येतंय रे मला. पण उठलो की ती त्यांची झाली."

काकूंनी ऐकलं. डोळ्याला पदर लावून त्या भटजींना म्हणाल्या, "थांबा जरा."

भटजी वेळेचे मोठे पक्के होते. पण थांबले.