चौथी पिन

पॅराशूट क्लबात ‘बॅकअप’ हा शब्द येता-जाता सगळ्यांच्या तोंडी. जादा छत्री बॅकअप, दुसरा चार्जर बॅकअप, नोकरी गेलीच तर मेहुण्याचं दुकानही बॅकअप. राखीव पॅराशूटच्या घड्या घालणारी आत्या मात्र हे ऐकलं की करवादायची. “अरे, ज्याच्या मागे काहीच उरत नाही, तो बॅकअप. त्यानंतर थेट जमीन!”

बावीस वर्षं लांबलचक टेबलाशी उभं राहून तिनं त्या घड्या घातल्या. पिशवी बंद करताना एक तात्पुरती पिन खुपसायची, शेवटी ती काढायची, हत्यारं मोजायची, मगच शिक्का मारायचा. पिन आत राहिली, तर कितीही ओढा, पॅराशूट उघडणार नाही.

एकदा उडी शिकवणाऱ्या मास्तरांची राखीव पिशवी भरत असताना दवाखान्यातून फोन आला. थोरली बहीण गेली होती. आत्यानं हातातलं काम पुरं केलं, शिक्का मारला आणि धावली. हातांना सवय होती. डोकं कुठं होतं देव जाणे.

दोन आठवड्यांनी कामावर येऊन तिनं खण उघडला. पिना चार हव्या होत्या, तीनच निघाल्या. “पडली असेल कुठंतरी,” ती पुटपुटली. टेबलाखाली केरसुणी फिरवली, कोपरे धुंडाळले. सांगावं, तर शिक्का जाणार आणि बावीस वर्षांचं नाव मातीत मिळणार. त्या रविवारी मास्तर तीच पिशवी पाठीवर टाकून विमानात चढले, चढताना तिला हातही केला. आत्या गप्प राहिली. मान मोडेस्तोवर वर बघत राहिली. त्यांचं मुख्य पॅराशूट उघडलं, राखीव लागलंच नाही.

ते उतरताच तिनं क्लबच्या साहेबांना गाठलं आणि सगळं सांगितलं. पिशवी सगळ्यांसमोर उघडली. चौथी पिन आतच होती.

मास्तर भला माणूस. हसून म्हणाले, “जाऊ द्या हो आत्या, बॅकअपच होता. लागला कुठं?”

आत्या मेल्याहून मेल्यासारखी झाली. शिक्का तिनं आपणहून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

याला सहा वर्षं झाली. मास्तर बदली होऊन दुसऱ्या गावी गेले, सुखरूप आहेत, तिला ठाऊक आहे. तरी रविवारी विमानाची घरघर आली की हातातली भांडी तशीच टाकून ती गच्चीत येते, कपाळावर हात धरून मोजू लागते. एकेक जण खाली येतो. सगळे उतरतात, विमानही उतरतं, तरी तिच्या हिशेबानं एक माणूस वर उरतोच, आणि तिला आत जाववत नाही.