काल डोकं दुखलं होतं का?

आमच्या विभागात तपासणीला आलेल्या माणसाला मी आधी चहाचं विचारत नाही. आधी विचारते, "काल डोकं दुखलं होतं का?" लोक गोंधळतात. तपासणी हृदयाची आणि ही बाई डोक्याचं काय घेऊन बसली. एका गृहस्थांनी मला सुनावलं होतं, "बाई, तुम्ही चुकीच्या मजल्यावर बसलात वाटतं." मी हसते, पण उत्तर घेतल्याशिवाय सोडत नाही.

मी सातवीत शाळा सोडली. आमचं गाव किनवटच्याही पुढे, गाडीत एक अख्खी रात्र काढावी तेव्हा मुंबई दिसते. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात फरशी पुसायला लागले तेव्हा मला लिफ्टचं बटण दाबायचीसुद्धा धास्ती वाटायची. धास्ती अजून गेलेली नाही. गॅस बंद केला का, कडी लावली का, हे मी दोनदा बघते आणि जिना उतरल्यावर तिसऱ्यांदा वर जाते. घरात यावरून माझी चेष्टा होते. पण जिथे एक प्रश्न विचारायचा राहिला तर सगळी तपासणी वाया जाते, तिथे असा माणूस बरा असतो. विभागाच्या मोठ्या डॉक्टर, आमच्या मॅडम, त्यांनी मला पोछ्यावरून उठवून पेशंटांच्या तयारीला बसवलं ते म्हणूनच.

घरात म्हटलं, तर ते घर काकांचं. काका माझे रक्ताचे कोणी नाहीत. मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर आमच्या हॉस्पिटलात लिफ्टमन झाले. पहिल्याच आठवड्यात मी जिन्याखाली डबा पुढ्यात घेऊन रडत होते, ते त्यांनी पाहिलं. संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर मला भांडुपला टेकडीवरच्या आपल्या चाळीत घेऊन गेले. काकूंनी एकदाच खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पोटमाळा रिकामाच आहे. झुरळं आहेत, चालतील ना?" चालली. बारा वर्षं झाली, मी त्याच पोटमाळ्यावर आहे. हे ऋण कशाने फिटणारं नाही आणि फेडायचं म्हटलं तर काका मारायला धावतील.

गेल्या वर्षी काका टेकडीच्या पायऱ्यांवर थांबायला लागले. आधी एकदा, मग तीनदा. कोणी बघतंय असं वाटलं की वाकून चपलेतला खडा काढल्यासारखं करायचे. काकू म्हणाल्या, "अहो, एवढे खडे कुठून येतात रोज तुमच्याच चपलेत?" मग डॉक्टर, मग अँजिओग्राफी. दोन ठिकाणी अडथळे निघाले. फार मोठे म्हणावेत असे नाहीत, सोडून द्यावेत असेही नाहीत. एक सर्जन म्हणाले, छाती उघडून बायपास करून टाकू. आमच्या मॅडम म्हणाल्या, "नळी किती अरुंद झाली ते दिसलं. तिच्यातून रक्त किती जातंय ते आधी मोजू, मग ठरवू."

ही मोजणी म्हणजे आमच्याच विभागातली तपासणी. माणसाला मशीनमध्ये झोपवून हृदयाच्या मांसाला शांत पडून असताना किती रक्त मिळतं ते मोजतात. मग शिरेतून एक औषध सोडतात. त्याने हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडता येतील तेवढ्या उघडतात. तेव्हा पुन्हा मोजतात. बसल्या जागी बहुतेकांचं ठीकच असतं. पायऱ्या चढताना, म्हणजे गरज पडल्यावर, रक्त किती पटीने वाढतं, त्यावरून पुढचं कळतं. ज्यांचं दुप्पट-तिप्पट वाढतं ते बहुधा गोळ्यांवर निभावून जातात. ज्यांचं वाढतच नाही, त्यांना डोळ्यांत तेल घालून जपावं लागतं. मी ढ असले तरी हे मला पक्कं समजलंय, कारण मी रोज ते बघते.

तपासणीआधी चोवीस तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट, सगळं बंद. त्यातलं कॅफीन त्या औषधाला कामच करू देत नाही. काका दिवसाला सात-आठ चहा पिणारे. मी काकूंचा चहाचा डबा पोटमाळ्यावर नेऊन ठेवला आणि शिडी काढून घेतली.

"येक दिवस चाय नाय तर माणसान जगाचा कसा गो?" काका म्हणाले.

"पाणी प्या," मी म्हटलं.

"तुज्यापेक्षा गिरणीतलो मुकादम बरो होतो."

काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "चाळीस वर्षं माझ्या चहाला नावं ठेवली. आता बसलेत बघ, डोकं धरून."

खरंच डोकं धरून बसले होते. दुपारपासून दुखत होतं, ते पहाटेपर्यंत दुखतच राहिलं. सकाळी निघताना त्यांचा चेहरा बघवेना. माझ्या पर्समध्ये डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी कायम असते, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चाळीतले सगळे तीच आणतात. मी एक गोळी फोडून त्यांच्या हातावर ठेवली. अर्ध्या तासात त्यांना बरं वाटलं. रिक्षात मला म्हणाले, "तू डॉक्टरच होवक व्हयी होतंस." मी अभिमानाने फुगले.

विभागात त्यांचं कार्ड भरायला मी दुसऱ्या मुलीला बसवलं, घरच्या माणसाला आपण विचारू नये म्हणून. ती विचारत गेली, चहा? कॉफी? कोला? काका ऐटीत नाही, नाही म्हणत होते. मग तिने विचारलं, "सकाळपासून काही गोळी?" काका म्हणाले, "डोक्याची एक. ती काय गोळी नाय."

तिने ते लिहिलंच नाही. डोक्याची गोळी काय, सगळेच घेतात.

मी शेजारच्या बाकावर बसून ऐकत होते. पर्समधून पट्टी काढली. इंग्रजी मला अक्षर अक्षर लावून वाचावं लागतं. पण आमच्या भिंतीवरच्या पाटीवर एक शब्द मोठ्या लाल अक्षरांत आहे, बारा वर्षं मी त्याच्यावरची धूळ पुसलीय. त्यात मधे दोन एफ शेजारी शेजारी उभे असतात. पट्टीच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, ते दोन एफ उभे होते.

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग पट्टीकडे. गिरणीतून लिफ्टमध्ये आलेला माणूस, त्यांना माणसांचे चेहरे वाचायची सवय. कार्डवाली मुलगी उठून गेल्यावर हळूच म्हणाले, "त्या गोळयेत चाय हा?"

"चहातलं आहे ते. मी बघितलं नाही. माझी चूक झाली."

"मगे गप ऱ्हव. चायेन तरतरी येता, आकडो बरो इलो तर माका कापूचे नाय. तुझा काय जाता?"

"काका, आकडा खोटा येईल."

"येवंदे. मी लिफ्टीन वर नेलंय लोकांक, ऑपरेशन थेटरात. सगळे काय खाली येवक नाय." त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. "इतक्या वर्सांत कायेक मागलंय तुज्याकडे?"

मागितलं नव्हतं. कधीच काही नाही. त्या बाकावर मी किती वेळ बसले कोण जाणे. सांगितलं तर नोकरीचं काय, हे मनात आलंच. मोजणीसाठी टोचायचं किरणोत्सारी इंजेक्शन त्याच सकाळी बनून येतं, ठेवून चालत नाही, ते वाया जाणार होतं. काकांनी घराबाहेर काढलं तर किनवटची गाडी कुठून सुटते, इथवर मन पोचलं. आणि तरी मला दिसत होत्या त्या टेकडीच्या पायऱ्या. खोट्या आकड्यावर काका उद्या त्या चढणार, आणि खालून त्यांच्याकडे बघत उभी राहणार मी.

मी मनगट सोडवलं आणि मॅडमच्या खोलीत गेले. पट्टी टेबलावर ठेवून म्हटलं, "मॅडम, मी दिली."

मॅडमनी पट्टी उलटून वाचली. मग म्हणाल्या, "आजचा डोस गेला. तुझ्या नावावर लिहिते." वही ओढून, "मशीनवर घेतल्यावर सांगितलं असतंस तर मी तुला परत पोछ्यावर पाठवलं असतं. जा, पुढचा बुधवार दे त्यांना."

पाच दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. ताट पुढे केलं तर काकूंना म्हणायचे, "तिका सांग, मीठ कमी हा." काकू मला म्हणायच्या, "ऐकलंस?" मी मीठ द्यायची. बुधवारच्या आदल्या दिवशी डोकं दुखलं तेव्हा त्यांनी गोळी मागितली नाही. ओला फडका बांधून, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तपासणी झाली. औषध चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, ते मी त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. ते थांबवल्यावर मिनिटभरात उतरतं, हेही. काचेपलीकडून त्यांची मूठ वळलेली दिसली, मग सुटलेली दिसली.

मॅडमनी तिघांनाही आत बोलावलं. पडद्यावर रंगीत गोल होते. "रक्त चांगलं वाढतंय," त्या काकांना म्हणाल्या. "एका बाजूला जरा कमी, पण पुरेसं. बायपास आत्ता नको. गोळ्या घ्या, रोज चाला, वर्षाने पुन्हा मोजू."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काकांनी विचारलं, "आणि त्या दिवशी केला असता तर? बरोच इलो असतो ना?"

"त्या दिवशी?" मॅडम म्हणाल्या. "त्या गोळीने औषध लागू पडलं नसतं, म्हणजे रक्त वाढलंच नसतं. आकडा खाली आला असता. मी तो बघून तुम्हाला सर्जनकडेच पाठवलं असतं."

आकडा बिघडतो एवढं मला माहीत होतं, कुठल्या बाजूला ते नव्हतं. मला वाटलं होतं की मी त्यांचा चांगला आकडा हिरावून घेतला. काकांना तर तसं नुसतं वाटलं नव्हतं, पक्कं ठाऊकच होतं. बाहेर आल्यावर ते लिफ्टपाशी गेले, ज्या लिफ्टमध्ये त्यांनी अर्धं आयुष्य उभं राहून काढलं, आणि बटण न दाबताच माझ्याकडे वळले.

"गोळी तूच दिलंस, चुगली पण तूच केलंस. आता मी गाळी घालू कोणाक?"

"मलाच घाला," मी म्हटलं.

मुलुंडपासून भांडुपपर्यंत रिक्षात त्यांनी शिव्या मनापासून घातल्या. पाच दिवसांच्या साठल्या होत्या. काकू मधे बसून हसत होत्या, आणि रिक्षावाला आरशातून बघत होता की ही पोरगी एवढं ऐकूनही गप्प कशी.