तिचा शब्द पुरा होईपर्यंत

मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेले त्या सकाळी मी आधी ठरवलं ते कोणाला कळवायचं नाही हे. जुईला, माझ्या मुलीला. दुसऱ्या दिवशी नागपूरला तिचा मेडिकल प्रवेशाचा पेपर होता. दवाखान्याच्या व्हरांड्यातूनच मी सगळ्या नातेवाइकांना बजावलं की कोणी स्टेटस ठेवायचं नाही, ग्रुपवर काही टाकायचं नाही. ते गेल्याचं रडू त्यानंतर येईल असं वाटलं होतं... आलं नाही.

मामाजी दवनीवाड्याचे, जन्मभर धानाची शेती केलेले. जुई दीड वर्षाची असताना सासूबाई वारल्या. शेती मोठ्या मुलाकडे सोपवून ते आमच्याकडे गोंदियाजवळ कुडव्याला आले, कारण यांचं हार्डवेअरचं दुकान आणि माझी शाळेतली नोकरी, यात मुलीला सांभाळणारं कोणी नव्हतं. तिला भरवणं, वेण्या घालणं, सगळं ते त्या राठ हातांनी शिकले. चौथ्या वर्षी जुई बोलताना अडखळायला लागली. एकेका अक्षरावर अडून बसायची. मी शिक्षिका, पण मला धीर निघत नसे. तिच्या तोंडचा शब्द मीच पुरा करून टाकायची. एकदा मामाजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, “तिचा शब्द तिलेच बोलू दे ना बाई. तुले कायची घाई होऊन राहिली?” ते स्वतः तिच्याकडे न बघता सुपारी कातरत बसायचे, तिचं वाक्य पुरं होईपर्यंत. सातवीत जाईस्तोवर तिचं अडखळणं जवळजवळ गेलं. रायपूरच्या डॉक्टरांना दाखवायचं आमचं राहूनच गेलं होतं.

दहावीनंतर जुई नागपूरच्या होस्टेलला गेली. महिनाभरात आम्ही मामाजींना म्हटलं, आता गावी राहा, तिथे मोकळी हवा आहे. खरं हे होतं की त्यांचं काम संपलं होतं. तेही हे समजले असावेत. एका पिशवीत कपडे भरून निमूट गाडीत बसले.

मे महिन्यात त्यांच्या छातीत कफ भरला. गोंदियाला दवाखान्यात आणलं तेव्हा जुईच्या पेपरला पाच दिवस होते. ते रोज विचारायचे, पोरगी काऊन नाही आली? मी परीक्षेचं सांगायची. मग मान हलवायचे, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खाटेजवळ असताना जुईचा फोन आला. गावचा फोन कोणी उचलत नाही, आबाजींशी, म्हणजे आजोबांशी, बोलायचं आहे म्हणाली. दवाखान्याचं तिला कळवलंच नव्हतं; मी बाहेर जाऊन सांगितलं, ते गावी आहेत, झोपले असतील. परत आले तर ते माझ्याकडेच बघत होते.

“जुई होती का?”

“नाही मामाजी, शाळेतून होता.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही... त्यानंतर दोन दिवसांनी गेले.

पेपर झाल्यावर हे तिला आणायला गेले. भंडारा ओलांडल्यावर सांगितलं. दाराशी मला पाहून तिनं एवढंच विचारलं, “मी फोन केला ते... ते... तेव्हा ते जागे होते?” इतक्या वर्षांनी ती अडखळली. मी हो म्हटलं. त्यानंतर तिनं मला काही विचारलेलं नाही.

या गोष्टीला दोन महिने होत आले. निकाल लागला, मार्क चांगले आहेत. तिनं कॉलेज प्रवेशाचा फॉर्म भरलेला नाही. अडखळणं दिवसेंदिवस वाढतं आहे. हे म्हणतात, होईल ठीक. मला तसं वाटत नाही. तिच्यासाठी थांबणारा माणूस एकच होता, आणि त्याच्याशी मी तिला शेवटचं बोलू दिलं नाही. काल जेवताना तिला पाणी हवं होतं. “पा... पा...” मी मान खाली घालून वरणभात कालवत राहिले. मामाजींसारखं थांबायचं, असं मनाशी घोकलं होतं. तिसऱ्यांदा ती अडली आणि माझ्या तोंडून शब्द निघूनच गेला.

तिनं तोंड मिटलं. मी पेला भरून तिच्यासमोर ठेवला. ती तशीच उठून गेली.