घटस्थापनेच्या आधीची बाटली

"ब्याऐंशी दिवस," परांजपे साहेब म्हणाले आणि त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. "आठ कमी पडतात, मिस दीक्षित. माझा इलाज नाही."

टेबलापलीकडे अमीनाबी उभी होती. तिचा नवरा इब्राहिम हा आमच्या साखर कारखान्यातला फिटर. त्या सकाळी त्याला अचानक कळा सुरू झाल्या होत्या. मुतखडा मूत्रमार्गात अडकला होता. मूत्रपिंड वाचवायचे तर दुपारच्या गाडीने भिगवणहून पुण्याला न्या, असे दवाखान्याच्या डॉक्टरांनी लिहून दिले होते. पण कारखान्याच्या आजारी फंडाच्या पत्राशिवाय तिथे ऑपरेशनची सोय होणार नव्हती. परांजपे साहेब फंडाचे सेक्रेटरी. मी प्रयोगशाळेतली केमिस्ट. उसाच्या रसाबरोबर फंडाच्या नव्या मेंबरांची लघवी तपासण्याचे कामही माझ्याकडे होते, म्हणून मला बोलावणे आले.

फंडाचा नियम साधा होता. पहिली वर्गणी दिली की माणूस मेंबर होतो. मदत मात्र नव्वद दिवस भरल्यावर सुरू होते. या मधल्या काळाला वेटिंग पिरियड म्हणतात. तो नसेल तर माणूस दुखू लागल्यावर नाव घालील आणि बरा होताच काढून घेईल. फंड वर्षभरही टिकणार नाही. या नियमात मला आजही चूक दिसत नाही.

"त्यानं घट बसायच्या कितीतरी आदी वर्गणी भरली हाय, साहेब," अमीनाबी म्हणाली.

"फॉर्मवर घटस्थापनेची तारीख आहे."

"ती कुणी घातली ते इचारा की."

कोपऱ्यातल्या टेबलावर तात्या बसले होते. फंडाचे फॉर्म तेच भरत. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला.

"पितरपंधरवडा चालू व्हता, ताई," ते माझ्याकडे पाहत म्हणाले. "त्यात नवीन काम कोन धरतंय? मानसं म्हनाली, तात्या, तारीख घटाची टाका. मी समद्यांचीच टाकली. चांगल्यासाठीच."

"आमच्यात कसला पितरपंधरवडा, तात्या?" अमीनाबी म्हणाली.

"आता एकट्या इब्राहिमची तारीख निराळी कशी ठिवायची? यादीत वाईट दिसतं."

परांजपे साहेब हसले नाहीत. "तात्यांना मी खोटे म्हणत नाही. पण कमिटी तोंडी पुरावा मानणार नाही. कागद हवा."

"कागद आहे," मी म्हणाले, आणि आपण काय बोललो हे बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आले.

वर्गणी ज्या दिवशी, सँपलही त्याच दिवशी, अशी फंडाची पद्धत होती. आणि सँपल रसाचे असो वा माणसाचे, ते आले त्याच दिवशी मी ते माझ्या नोटबुकात नोंदवते; मेंबरचा निष्कर्ष फंड मदतीची वेळ आल्यावरच पाहतो. इब्राहिमची बाटली मला चांगली आठवत होती. बाईमाणसाच्या हाती ती द्यायची म्हणून त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती, "मशिनीचं तेल हाय" असे शिपायाला सांगितले होते आणि तो पळाला होता. तारीख मात्र आठवत नव्हती. निष्कर्षही आठवत नव्हता.

परांजपे साहेबांनी नेमके तिथेच बोट ठेवले. "तारीख वाचायची तर पुढचेही वाचावे लागेल. मेंबर होतानाच आजाराची खूण असेल, तर त्या आजाराला मदत कधीच नाही. शिवाय ती लपवली म्हणून नावही कमी होईल."

मी अमीनाबीकडे पाहिले. हा निर्णय माझा नव्हता.

"उघडा, ताई," ती म्हणाली. "त्यानं लाजंनं बाटली लपिवली. दुसरं काय लपिवलं न्हाय."

प्रयोगशाळेपर्यंतचे अंतर मी धावत गेले. शास्त्र शिकलेल्या बाईने असे धावू नये, असे कुणाला वाटले असल्यास वाटो. नोटबुक मी मुद्दाम तिथे उघडले नाही. ते तसेच आणून परांजपे साहेबांपुढे ठेवले. पाने त्यांनीच उलटली.

"इब्राहिम, फिटर," ते वाचू लागले. तारीख घटस्थापनेच्या अकरा दिवस आधीची होती. ब्याऐंशी आणि अकरा, त्र्याण्णव. पण ते अजून वाचत होते. "साखर नाही. अल्ब्युमिन नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी नाहीत."

स्वच्छ सँपल म्हणजे तेव्हा खडा नव्हताच, असे विज्ञान म्हणत नाही, आणि ते मी तिथेच सांगितले. खडा गप्पही बसून राहू शकतो.

"नियम खुणेबद्दल बोलतो, खड्याबद्दल नाही," परांजपे साहेब म्हणाले. त्यांनी कॅलेंडरावर दिवस पुन्हा एकदा मोजले, मग टाक दौतीत बुडवला. तात्या त्यांच्याआधीच पाकीट घेऊन उभे होते.

कारखान्याच्या लॉरीने भिगवणची गाडी गाठली. मूत्रपिंड वाचले. महिन्याभराने इब्राहिम प्रयोगशाळेच्या दारात आला आणि वर्तमानपत्राची एक पुडी टेबलावर ठेवून म्हणाला, "ह्या बारीला तेल न्हाय, ताई." आत खडा होता. मी तो त्याच्यासमोरच तपासला: कॅल्शियम ऑक्झॅलेट. हे नाव त्याने दोनदा म्हणून घेतले.

आता फॉर्मवर दोन रकाने आहेत. 'पहिल्या वर्गणीचा दिवस' मी भरते, 'मुहूर्त' तात्या भरतात. मदतीचा अर्ज आला की परांजपे साहेब पहिला रकाना वाचतात. दुसऱ्यावरून अजून कुणाची तक्रार आलेली नाही.