पाल्यात घुसलेल्या वाट्या

झाडं काही पळून जात नाहीत, या हिशेबाने मी गेल्या वर्षीचीच उंची यंदाच्या रकान्यात भरली. झाडं पळाली नाहीत. वर गेली.

हा पराक्रम मी हैदराबादेत, काचीगुड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात चहा पिता पिता केला. आंध्रच्या किनाऱ्यावर वाळू वस्तीत घुसू नये म्हणून सुरूच्या झाडांचा पट्टा लावलाय. त्याच्या मधोमध लोखंडी खांब, आणि खांबाच्या टोकाला वाऱ्याने गरगरणाऱ्या तीन वाट्या. त्यांनी मोजलेला वाऱ्याचा वेग इथे पडद्यावर दिसतो. वाट्या झाडांच्या बऱ्याच वर हव्यात. म्हणून पावसाळा सरला की शेंडे मोजायचे आणि खांब वाढवायचा. मोजायला तिथे राखणदार वेंकन्ना आहे. मी फक्त फोन करायचा होता.

खांब नावाला ऑफिसचा, खरा ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या शिवराजमामांचा. मामा मूळचे भालकीकडचे, तुरीचं रान भावांवर टाकून नारायणगुड्यात स्थायिक झालेले. खांबाला ताण द्यायची तार घ्यायला अफझलगंजात गेले की दुकानदाराच्या पोराबाळांची चौकशी करतात, तार ओढून बघतात आणि "नक्को" म्हणून पुढचं दुकान गाठतात. लग्नाच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसून त्याच्या वाऱ्याचा वेग सांगतात. मामी म्हणतात, आधी अक्षता टाका. मला ते माझ्या गावावरून 'उदगीर' म्हणतात. माझं नाव त्यांना ठाऊक असावं.

वादळ यायचंच असेल तर ते नीट मोजलं जावं, एवढीच त्यांची मागणी. झाडांवरून खरा वारा किती जातो ते कळलं तर पट्टा रुंद करू, असं तिकडच्या वनखात्याच्या साहेबांनी कबूल केलं होतं. पट्ट्यामागे वेंकन्नाची वस्ती आहे. उन्हाळ्यात वाळू त्यांच्या चुलीपर्यंत येते. पण वर्षानुवर्षं वादळं दुसरीकडेच वळली. मामांच्या निवृत्तीला महिना उरला आणि डिसेंबरात एक थेट खांबावर आलं.

आम्ही पडद्यासमोर बसलो. ताशी वीस किलोमीटर. अजून लांब असेल, मामा म्हणाले. तेवढ्यात वेंकन्नाचा फोन आला. वस्तीतले सगळे शाळेत हलवलेत, कडेची झाडं मोडतायत, असं काहीसं त्या घोंघाटातून कळलं. पडद्यावर बावीस.

मामांनी फोन ठेवला.

"उदगीर, शेंडे कुणी मोजले?"

मी सांगून टाकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"वाट्या पाल्यात घुसल्यात रे. वारा वरून चाललाय आणि आपण पाला मोजतोय."

काहीतरी करू या, असं मी म्हटलं.

"क्या करता? इथून फुंकतोस?"

तिकडे जाणाऱ्या गाड्या रद्द होत्या. समोरच्या गच्चीवरची साडी हलतही नव्हती. मामा तरीही उठले नाहीत. एकवीस, तेवीस, पुन्हा एकवीस. संध्याकाळपर्यंत आम्ही एक वादळ झुळुकीसारखं जाताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी वेंकन्नाचा फोन. माणसं सुखरूप, घरात खिडकीपर्यंत वाळू, खांब उभा. आवाजात आनंद मावत नव्हता. हैदराबादवाल्यांनी वारा मोजलाय, आता पट्टा रुंद होणार, असं तो वस्तीभर सांगून आला होता. मग त्याने विचारलं, किती भरला?

मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

मामा निवृत्त झाले. वेंकन्ना अजून अधूनमधून फोन करतो, आधी घरचं विचारतो. आकडा अजून द्यायचाय.