डीएनएचा उजवा पीळ

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या बाईंचं. त्या माटुंग्याच्या कॉलेजात शिकवत आणि दादरला राहत. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिला. पदवीनंतरही शिकता येतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं. परळच्या एका प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थ्याची एक जागा निघाली. उमेदवाराने एखादा नवा विषय परीक्षकांना समजावून द्यायचा होता. जागा हुकली तर मी तालुक्याला परतून मास्तरकी धरावी, असं वडिलांनी ठरवलं होतं. बाईंनी विषय सुचवला डीएनएचा. त्याची रचना तेव्हा नुकतीच उलगडली होती: एकमेकींभोवती पीळ घेत गेलेल्या दोन साखळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या.

मी गिरगावात मामाकडे राहत असे. पुस्तकातल्या सपाट चित्रावरून मला पीळ काही उमगेना. म्हणून चाळीमागचा लोखंडी गोल जिना बघत बघत मी तार आणि कंदिलाच्या कामट्या घेऊन मॉडेल बांधलं.

मामी म्हणाली, "कंदील झकास झालाय रे. कागद कधी लावतोस?"

परीक्षेच्या आदल्या दिवशी मॉडेल बाईंच्या घरी नेलं. त्यांनी एकदाच पाहिलं.

"अरे, हा डावा पीळ. डीएनएचा उजवा असतो."

"उलटं धरलं तर?"

"धरून बघ."

धरलं. पीळ तोच.

"आता तूही उलटा उभा राहा, म्हणजे उरलीसुरली शंका फिटेल."

मी जिन्याचं सांगितलं.

"चढताना मधला खांब कुठल्या हाताला येतो?"

"उजव्या."

"मग जिनाच डावा! तो बांधणाऱ्याला डीएनए कुठला माहीत असायला?" बाई खळखळून हसल्या. त्यांनी आतल्या खोलीकडे हाक दिली, "अहो, जेवण मागाहून. आधी पक्कड आणा!" यजमानही चटईवर येऊन बसले. तिघांनी सगळं सोडलं आणि उलट्या बाजूने पुन्हा गुंडाळलं. रात्री मी तिथेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी हरताळ होता, बस बंद. बाई मॉडेल सांभाळत माझ्यासोबत दादरहून परळपर्यंत चालत आल्या. वाटेत मोर्चातला एकजण ओरडला, "बाई, ह्यात मुंबई कुठं बसवलीत?"

"वरच्या टोकाला. आणि तिथून हलवायची नाही!"

हशा पिकला आणि आम्हाला वाट मिळाली.

निकाल लागेपर्यंत यजमानांची बदली होऊन बाई नागपूरला गेल्या होत्या. निकाल कळला त्याच संध्याकाळी मी त्यांना लिहिलं:

"आदरणीय बाई,

जागा मला मिळाली. हवेतल्या ओलाव्याने डीएनएच्या धाग्याचं काय होतं, असं परीक्षकांनी विचारलं. तुम्ही पाठ करून घेतलं नव्हतंत, समजावलं होतंत, म्हणून सांगता आलं: कोरड्या हवेत आखूड, जाडसर रूप, दमट हवेत लांब आणि सडपातळ. आता मला ह्याच धाग्यांचं काम मिळणार आहे. मुंबईच्या हवेत ते कोरडे ठेवणं कठीणच जाईल.

वडील विचारतात, ह्याचा उपयोग काय? मला अजून नीट सांगता येत नाही. सुट्टीत त्यांना नागपूरला घेऊन येऊ का? तुम्हीच सांगा त्यांना. मीही शेजारी बसून ऐकेन."